पूर बघितलेल्या गावात पुराचं नाटक : सांगलीतल्या एका नव्या संहितेचं प्रकरण

सांगलीच्या गावभागातल्या एका हौशी नाट्यसंस्थेनं आपल्याच सभासदानं लिहिलेलं दोन अंकी नाटक करायला घेतलं. तिथपासून आटपाडीच्या प्रयोगापर्यंत काय काय घडलं ते इथे मांडतो. संस्थेचं, नाटकाचं आणि माणसांचं नाव देत नाही. गावभागात कोण कोणाला काय म्हणालं ते संध्याकाळपर्यंत तिसऱ्या गल्लीत पोचतं, त्यात माझी भर नको. मी या नाटकाचा व्यवस्थापक होतो. हौशी नाटकात व्यवस्थापक म्हणजे हॉलचं बुकिंग, टेम्पो, चहा, पावत्या आणि रुसवेफुगवे. अभिनय कसा झाला यावर माझं मत फार धरू नका. बाकी सगळं माझ्या वहीत आहे.

प्रकरण मांडावंसं वाटलं ते एका प्रश्नासाठी: नवी संहिता बंद कधी करायची, म्हणजे यापुढे तिच्यात बदल नाही असं कधी ठरवायचं? गाजलेलं नाटक बसवताना हा प्रश्न येतच नाही. पुस्तक छापलेलं असतं, कुठं हशा येतो ते चार संस्थांनी आधी शोधून ठेवलेलं असतं, आपण फक्त पाठांतर करायचं. नव्या नाटकाला असा आधार नसतो. लेखक घरी लिहितो, दिग्दर्शक तालमीत बदलतो, नट आपल्या तोंडात बसेल तसं बोलतो, आणि प्रयोगाची तारीख आली की जे हातात असेल ते नाटक. बहुतेक हौशी संस्थांची नवी नाटकं इथेच मार खातात, असं माझं मत आहे. लेखन वाईट असतं म्हणून पडणारी त्यामानानं थोडी.

संस्था, लेखिका आणि विषय

संस्थेत राबणारी माणसं विसेक. दोन शिक्षक, एक औषध दुकानदार, बँकेतले तिघं, महावितरणमधला एक वायरमन, बाकी कॉलेजची पोरं. दिग्दर्शक हायस्कूलमधले मराठीचे शिक्षक, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. लेखिका पतसंस्थेत वसुली बघते, मारुती चौकाजवळ राहते. तिच्या घरात 2019 ला आणि 2021 ला, दोन्ही वेळा पाणी शिरलं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पावसाळ्यात इथली माणसं 'काय चाललंय' विचारायच्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. कोयनेतून किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात किती अडवलं, यावर पानटपरीवर होणारी चर्चा पाटबंधारे खात्यानं ऐकावी अशी असते.

लेखिकेचा पहिला खर्डा एका वाड्याच्या वरच्या मजल्यावर घडणारा. एक कुटुंब, एक भाडेकरू, तीन रात्री. पहिल्या अंकात पाणी येतं, दुसऱ्या अंकात काका उभं राहून अलमट्टीवर चार पानं बोलतात, शेवटी बोट येते. सरांना खर्डा आवडला आणि त्यांनी तो त्याच वर्षीच्या राज्य नाट्य स्पर्धेला द्यायचं ठरवलं.

संहिता आधी पाठवायची की आधी वाचायची

इथे पहिला पेच पडला. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. या तरतुदीचं मूळ मुंबई पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 33 मध्ये आहे. अमोल पालेकरांनी 2016 मध्ये तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. तत्त्वाचा वाद काहीही असो, हौशी संस्थेच्या दृष्टीनं त्याचा व्यवहारी अर्थ एवढाच की जी संहिता प्रमाणित झाली तीच रंगमंचावर बोलायची. स्पर्धेच्या प्रवेशासाठीही हे प्रमाणपत्र लागतं. सांगलीकरांना यात नवीन काही नाही; याच गावच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर सरकारनं 1910 मध्ये बंदी घातली होती.

म्हणजे खर्डा लगेच पाठवला तर स्पर्धा गाठता येणार होती, पण काकांची चार पानं आणि बोट कायमची त्यात बसणार होती. सर म्हणाले, तालमीत आपण सफाई करू. लेखिका म्हणाली, एकदा पुरात राहिलेल्या माणसांना वाचून दाखवू, मग पाठवू. बैठकीत आवाज चढले. सरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. स्पर्धेत नाट्यगृहाच्या भाड्याचा बोजा संस्थेच्या डोक्यावर येत नाही. स्पर्धा हुकली की सगळा खर्च खिशातून.

शेवटी लेखिकेनं एकच वाक्य टाकलं: "सर, हे नाटक बघायला जो येईल त्याच्या घरात पाणी आलेलं असणार. तो आपल्याला पास करेल की नाही ते आधी बघू या की." वाचन आधी करायचं ठरलं. त्या वर्षीची स्पर्धा हुकली.

माडीवरचं वाचन

एका सभासदाच्या वाड्याच्या माडीवर सतरंज्या टाकल्या. आसपासच्या गल्ल्यांतली आणि दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटमधली तीसेक माणसं आली. बहुतेक पन्नाशीच्या पुढची. सरांनी पहिला अंक फार छान वाचला. पाणी येतं तो प्रसंग लेखिकेनं असा लिहिला होता: दारावर धडका, लोंढ्याचा आवाज, कोणीतरी किंचाळतं. वाचन तिथे आलं आणि कोपऱ्यातल्या एका आजी शेजारणीशी बोलायला लागल्या. सर थांबले. "काय झालं आजी?"

"काही नाही हो, वाचा तुम्ही."

"सांगा की."

"पाणी असं दार वाजवत येत नाही. आधी न्हाणीतल्या मोरीत बुडबुडे येतात. आपल्याला वाटतं तुंबली असेल. काठी घालून बघतोय तोवर घोट्याएवढं झालेलं असतं. उंबऱ्याच्या बाहेर बघावं तर रस्ता अजून कोरडा."

माडीवर एकदम गलका झाला. प्रत्येकाला आपापली मोरी आठवली. नदी मागे सरकवते तेव्हा गटाराचं पाणी उलटं फिरतं आणि घरात शिरतं, त्यामुळे माणूस दाराकडे बघत बसलेला असताना पाणी पाठीमागून आलेलं असतं. लेखिका घाईघाईनं लिहून घेत होती. तिच्याही घरात पाणी आलेलं, पण दोन्ही वेळा ती आधीच विश्रामबागेत बहिणीकडे गेलेली होती. पाणी ओसरल्यावरचा चिखल तिनं बघितला होता, पाणी येताना बघितलं नव्हतं. पहिल्या अंकाचा शेवट त्या रात्री बदलला. आता सून मोरीपाशी वाकून बसते, "ऐका जरा" म्हणते, आणि अंधार होतो.

दुसऱ्या अंकात काकांचं भाषण सुरू झालं तेव्हा तीन माणसं चहाची चौकशी करायला उठली. एवढ्यावर ते भाषण गेलं. अलमट्टीचं मत प्रत्येकाकडे स्वतःचं असतं, तिकीट काढून दुसऱ्याचं ऐकायला कोणी येत नाही. त्याऐवजी लोकांनी काय काय सांगितलं त्याची यादी माझ्या वहीत आहे: रक्तदाबाच्या गोळ्या खालच्या कपाटात राहिल्या, मोबाइल एकच चालू ठेवायचा आणि तो कोणाचा यावर भांडण, चोरीच्या भीतीनं घर न सोडणारे सासरे, संडासाचं काय करायचं, चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही म्हणून पत्र्याच्या पन्हाळीखाली लावलेली पातेली. आणि फ्रिज. फ्रिज तरंगतो, आडवा होतो, खोलीभर हिंडतो आणि पाणी उतरल्यावर भलत्याच ठिकाणी उभा सापडतो. लेखिकेनं त्यावर रडू ठेवलं होतं. माडीवरची माणसं पोट धरून हसली. एक काका म्हणाले, "आमचा देवघरासमोर हात जोडून उभा होता." ते वाक्य तसंच्या तसं नाटकात गेलं, त्यांच्या परवानगीनं.

बोटीचा प्रसंग मात्र कोणी काही न बोलता गेला. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं बुडाली. या जिल्ह्यात पुराच्या नाटकात बोट आली की प्रेक्षकाला तेच दिसणार, आपल्याला दाखवायचं असो वा नसो. ते दुःख उसनं घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं लेखिकेनं स्वतःच म्हटलं. बोट गेली. शेवट काय करायचा हे त्यानंतर दोन महिने अडलं होतं.

दूधवाल्याचा प्रश्न

वाचनात एक गोष्ट बाहेर पडली तिनं मला सगळ्यात जास्त त्रास दिला. खर्ड्यात एक पात्र होतं: पुराच्या दिवसांत दूध आणि पाण्याच्या बाटल्या चढ्या दरानं विकणारा दुकानदार. माडीवर त्याचा पहिला संवाद झाला आणि लोकांनी थेट नाव घेतलं. लेखिका म्हणाली मी कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं नाही. असेलही. पण गावानं ओळखलं म्हणजे ओळखलं. आमच्यातल्या एका वकील सभासदानं सांगितलं की नाव बदललं तरी माणूस ओळखू येत असेल तर अब्रुनुकसानीचा दावा होऊ शकतो. सर म्हणाले, पात्र काढून टाका. लेखिका म्हणाली, मग नाटकात सगळी चांगलीच माणसं उरतात. चार चांगली माणसं तीन रात्री माडीवर बसली तर नाटक कशाचं?

तोडगा तिनंच काढला आणि तो मला या प्रकरणातला सर्वात मोलाचा भाग वाटतो. दुकानदार गेला. त्याचं कृत्य तिनं घरातल्याच थोरल्या मुलाला दिलं. तो माडीच्या खिडकीतून शेजारच्या गच्चीवरच्यांना मेणबत्त्या आणि बिस्किटं विकतो, दर रात्री थोडा जास्त भाव लावून, आणि आईला कळू देत नाही. आता ज्याला दोष द्यावा असा बाहेरचा कोणी उरला नाही. शेवटही त्यातूनच सुटला: पाणी उतरतं, शेजारी पैसे द्यायला दारात येतो, आणि आई विचारते, "कसले?"

पुढे स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करताना त्याच दुकानदारानं आपणहून पूर्ण पानाची जाहिरात दिली, रोख. मी घेतली. लेखिका काही दिवस माझ्याशी बोलली नाही. मला त्यात गैर वाटत नाही. नाटकात तो माणूस आता नव्हता, आणि हॉलची अनामत भरायची होती.

कागदपत्रं

संहिता तीन महिन्यांनी बंद केली, टाइप केली, प्रमाणित करून घेतली. पाठवायच्या आधी लेखिका आणि संस्था यांच्यात एक पानाचं पत्र झालं. हौशी संस्थांत सर्रास समज असतो की सभासदानं लिहिलं म्हणजे नाटक संस्थेचं. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे लिहिणारा हाच पहिला मालक, लेखी करारानं हक्क दिल्याशिवाय ते जात नाहीत. प्रत्येक प्रयोगाला ठरावीक मानधन, बदल लेखिकेला विचारून, दुसऱ्या संस्थेला द्यायचं तर तिची मर्जी, असं पत्रात लिहिलं. रक्कम चहापाण्याएवढीच होती, पण पत्र झाल्यावर तालमीत तिचा शब्द वेगळ्या वजनानं घेतला जायला लागला.

सरांना पहिल्या अंकात रेडिओवर एक जुनं सिनेगीत हवं होतं. तिकीट लावलेल्या प्रयोगात दुसऱ्याचं गाणं वाजवायचं म्हणजे परवाना आला. हौशी मंडळानं विनातिकीट प्रयोग केला तर दुसऱ्याचं नाटक किंवा संगीत सादर करण्याला कायद्यात सूट आहे, पण आम्हाला तिकीट लावणं भाग होतं. गाणं गेलं. रेडिओ राहिला, त्यावर लेखिकेनं लिहिलेल्या पाणीपातळीच्या बातम्या. माझ्या मते गाण्यापेक्षा तेच बरं झालं.

जिना

नेपथ्य हा या प्रयोगाचा खरा शोध. सरांची पहिली कल्पना अशी की दोन पोरांनी विंगेतून निळं कापड हलवायचं. तालमीत ते करून बघितलं आणि कापड हलवणारी पोरंच हसायला लागली. आमचं नेपथ्य करणारा सुतार, सांगलीवाडीचा माणूस, ओट्यावर बसून बघत होता. तो म्हणाला, "पाणी कशाला दाखवताय? जिना दाखवा. पुरात माणूस पाण्याकडं बघत न्हाई, पायरीकडं बघतंय. काल चौथी, आज पाचवी."

मग समोरच सात पायऱ्यांचा लाकडी जिना आला, माडीच्या लेव्हलवरून खाली उतरणारा आणि अर्ध्यातच रंगमंचाच्या काळ्या पडद्यात संपणारा. पहिल्या प्रवेशात पात्रं पार खालपर्यंत ये-जा करतात. मग एक पायरी बंद होते. कोणीही काही बोलत नाही, फक्त त्या पायरीवर आता कोणी पाय ठेवत नाही. आजोबा कोळशानं भिंतीवर रेघ ओढतात. दुसऱ्या अंकाच्या मध्यापर्यंत वरच्या दोन पायऱ्या उरतात आणि सहा माणसांची सगळी हालचाल तेवढ्या जागेत होते. सरांना सगळं ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं आणि कुठून कुठे जायचं ते, नव्यानं करावं लागलं. तालमीत जो चुकून खालच्या पायरीवर पाय टाकेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा असा दंड होता. औषध दुकानदाराचा त्यात बराच खर्च झाला.

प्रकाश वायरमननं केला. विंगेत लाकडी स्टुलावर पितळी परात, परातीत पाणी, पाण्यात फुटक्या आरशाचे तुकडे, आणि त्यावर तिरका मारलेला एक स्पॉट. परातीच्या कडेला टिचकी मारली की माडीच्या छतावर लाटा हलतात. पाणी आणि वीज शेजारी आल्यामुळे त्यानं सगळी केबल दुसऱ्या बाजूनं, जमिनीपासून उचलून घेतली आणि परातीपाशी एक पोरगं कायम उभं केलं. तिथे दुसऱ्या कोणाला जाऊ दिलं नाही, सरांनाही नाही.

आजीच्या भूमिकेसाठी सरांनी माडीवरच्या त्या आजींनाच विचारलं होतं. त्या हसल्या आणि नाही म्हणाल्या. "एकदा बघितलंय ते. परत रोज संध्याकाळी कशाला बघू?" भूमिका पस्तिशीतल्या एका शिक्षिकेनं केली. केसांना पांढरा रंग लावून म्हातारी होत नाही हे तिला कळत होतं. आठवडाभर ती त्या आजींच्या घरी भाजी निवडायला जाऊन बसली.

तालमी शाळेच्या हॉलमध्ये, साडेसात ते दहा. प्रमाणपत्र आल्यावर सरांनी एक नियम केला तो चांगला होता: काढायचं असेल ते काढा, घालायचं असेल ते पुढच्या नाटकात घाला. प्रॉम्प्टर मुलगी कोण कुठे आपल्या पदरचं बोललं ते रोज लिहायची आणि तालीम संपली की वाचून दाखवायची. नटांना ती आवडत नसे.

पैसे

पहिला प्रयोग विष्णुदास भावे नाट्यमंदिरात करायचा हे कोणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. 1843 च्या 5 नोव्हेंबरला भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून तो दिवस रंगभूमी दिन. सांगलीत हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. कमी बोललं जातं ते पुढचं. 1851 मध्ये अप्पासाहेब गेले, आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. 1853 मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. त्यांच्या खेळांत पद्यं सूत्रधार गाई आणि पात्रं गद्य आयत्या वेळी जुळवून बोलत, त्यामुळे संहिता बंद करण्याची भानगड त्यांना नव्हती. पैशाची मात्र होती.

आमचा खर्च साठ हजारांच्या आसपास गेला. हॉलचं भाडं आणि अनामत, जिन्याचं लाकूड, प्रकाश आणि ध्वनीचं भाडं, टेम्पो, रंगभूषा, चहा-वडापाव. तिकीट शंभर रुपये. नाटकाच्या तिकिटावर पाचशे रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्यामुळे तो हिशोब करावा लागला नाही. अर्ध्याहून जास्त पैसे स्मरणिकेतून आले, त्यातही मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्यांकडून. तिकीटविक्रीवर नवं नाटक निघत नाही, हे जिल्ह्यातल्या कोणत्याही संस्थेनं धरूनच चालावं.

दोन प्रयोग, दोन गावं

सांगलीचा प्रयोग रंगला. तिसरी घंटा झाली तेव्हा मागच्या काही रांगा रिकाम्या होत्या. माडीवरच्या वाचनाला आलेली माणसं आपापली नातीगोती घेऊन आली होती, त्यामुळे पुढचं प्रेक्षागृह गच्च. मोरीच्या प्रसंगाला कोणी हाललं नाही. फ्रिजला हशा. दुसऱ्या अंकात पाचवी पायरी बंद झाली तेव्हा बाल्कनीतून एक आवाज आला, "अजून दोन फूट चढणार हाय!" प्रेक्षक हसले, पण स्टेजवरच्या आजोबांनी मान वर करून त्या दिशेला बघितलं आणि कोळशाची रेघ ओढली. संहितेत नसलेली ही एकच गोष्ट, आणि प्रॉम्प्टरनं ती लिहिली नाही.

पातेल्यांचा प्रवेश, ज्यात घरातले पन्हाळीखाली भांडी लावून प्यायचं पाणी धरतात, तो मात्र सांगलीत नुसता निघून गेला. सरांनी तो काढायचा विचार केला होता. काढला नाही ते बरं, कारण पुढचा प्रयोग आटपाडीला होता.

सांगली जिल्ह्याचं हे एक विचित्र दुखणं आहे. पश्चिमेला कृष्णा-वारणेचा पूर आणि पूर्वेला आटपाडी, जत, कवठेमहांकाळचा दुष्काळ. एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाणी नेणारी रेल्वे निघाली ती मिरजेहून. आटपाडीत आज जे पाणी येतं त्यातलं बरंचसं टेंभू योजनेतून उपसलेलं कृष्णेचंच. तिथल्या वाचनालयाच्या मंडळींनी बोलावलं, शाळेच्या पटांगणात स्टेज. माणसं भरपूर, बायका पोरांना घेऊन खाली बसलेल्या.

पहिला अंक पडला. सून मोरीपाशी वाकून "ऐका जरा" म्हणाली, अंधार झाला, आणि अंधारात एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "मोरी तुंबली आसंल." टाळी वाजली ती मध्यंतर झालं म्हणून. ग्रीन रूममध्ये कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सांगलीत ज्या बुडबुड्यांनी अंगावर काटा आला, त्यांचा अर्थ इथे कोणाला लागत नव्हता, कारण तो संहितेत नव्हताच. तो सांगलीकरांच्या डोक्यात होता आणि आम्ही तो फुकट वापरत होतो.

दुसऱ्या अंकात पातेली आली. सासूनं एक तांब्या पाणी सहा जणांत वाटून दिलं, शेवटचा घोट सुनेला. पटांगणातली चुळबुळ थांबली. सून पाणी न पिता तांब्या परत ठेवते, तिथे पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "पी गं बाई." तिथून शेवटपर्यंत नाटक त्यांचं झालं. "कसले?" या प्रश्नाला आटपाडीत जी शांतता होती ती सांगलीत नव्हती. नंतर चहाच्या वेळी एक शेतकरी मला म्हणाले, "एवढं पाणी वाया घालवता, थोडं हिकडं सोडा की," आणि हसले. डाळिंबाची बाग होती त्यांची, टँकरवर जगवलेली.

आता कुठे अडलंय

परतीच्या वाटेवर टेम्पोत भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. लेखिकेला पहिल्या अंकात एक पान घालायचं आहे: आजोबा नातवाला गटाराचं पाणी उलटं कसं फिरतं ते सांगतात, म्हणजे बुडबुडे आले की अनोळखी प्रेक्षकालाही कळेल. पातेल्यांचा प्रवेशही तिला वाढवायचा आहे. सर म्हणतात, मोरीचं आधी समजावून सांगितलं तर सांगलीतला धक्का गेला. पुरात राहिलेल्या माणसाला आपण गटार शिकवणार का? शिवाय पान घातलं की संहिता पुन्हा प्रमाणित करून घेणं आलं, आणि एकदा उघडली की ती पुन्हा बंद कोण करणार?

माझा कौल लेखिकेकडे आहे, अर्धा. मोरीचं पान घालावं. सांगलीबाहेर हे नाटक न्यायचं असेल तर त्याशिवाय गत्यंतर नाही, आणि आजोबांच्या तोंडी ते चार वाक्यांत मावतं. पातेल्यांना मात्र हात लावू नये. आटपाडीला तो प्रवेश भिडला तो त्याच्या लांबीमुळे नाही. तिथे कोणी काही समजावून सांगत नव्हतं म्हणून तो भिडला. लेखिकेला हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, व्यवस्थापकानं टेम्पोकडे बघावं.

सध्या ठरलंय ते असं. तासगावचा प्रयोग आहे त्याच संहितेवर होईल. मोरीचं पान टाइप करून पाठवलं आहे. मंजूर होऊन आलं तर विट्याच्या प्रयोगाला घालू. तासगावला कोणत्या प्रसंगाला किती माणसं उठतात ते लिहून घ्यायचं काम प्रॉम्प्टर मुलीकडे दिलंय.